तिसरा मजला, ८८ किलो आणि एक कुरकुरणारा गुडघा : कोणतं व्हील घेऊ?

तिसरामजला

नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस मित्राचं १६ इंची व्हील (बॅटरीवर चालणारी एकचाकी, दोन्ही बाजूंच्या पेडलवर नुसतं उभं राहून चालवायची) घेऊन रिकाम्या पार्किंगमध्ये धडपडतोय. पहिले तीन दिवस कुंपणाला धरून काढले. आता सरळ जाता येतं, डावीकडे वळता येतं, उजवीकडे वळायचं म्हटलं की अजूनही पोटात गोळा येतो. पण नाद लागलाय हे खरं. मित्राला त्याचं व्हील परत हवंय, म्हणून आता स्वतःचं घ्यायचंय.

माझी सगळी माहिती आधीच देतो, म्हणजे नंतर एकेक विचारत बसायला नको. उंची पाच फूट अकरा. वजन ८८, पण हेल्मेट, बूट, पाठीवरची बॅग धरली तर ९५. घर ते ऑफिस ९ किलोमीटर. घर टेकाडावर आहे, त्यामुळे सकाळी निघाल्या निघाल्या दीड किलोमीटर उतार आणि संध्याकाळी दमून येताना तोच चढ. मधला रस्ता गुळगुळीत. ऑफिसजवळचा शेवटचा किलोमीटर पेव्हर ब्लॉकचा, त्यातले निम्मे उखडलेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. डाव्या गुडघ्याचं लिगामेंट कॉलेजात फुटबॉल खेळताना गेलं होतं. रोजचा त्रास नाही, पण जिना उतरताना आठवण करून देतं. वेग ३० च्या पुढे न्यायची हौस नाही, निदान आज तरी नाही.

डोक्यात तीन आहेत. इनमोशन व्ही८एफ, म्हणजे मित्राचं आहे तेच : १६ इंची, साधारण १५ किलो, बॅटरी ५१८ वॉट-अवर (म्हणजे तिच्यात मावणारी वीज). दुसरं इनमोशन व्ही११ : १८ इंची, सस्पेन्शनवालं, २७ किलो. तिसरं व्हेटरन शर्मन : २० इंची, ३२०० वॉट-अवर, ३५ किलो. व्हिडिओ बघून बघून तिन्ही आवडायला लागलीत, घोळ तिथेच आहे.

आणखी एक. चार किलोमीटर झाले की तळपायांना मुंग्या येतात, मग बधिर होतात. उतरून दोन मिनिटं पाय आपटल्याशिवाय पुन्हा चढता येत नाही. हा दोष व्हीलचा की माझा?

सुसाट

भाऊ, एकदाच घ्या आणि मोठंच घ्या. मीही आधी लहान घेतलं आणि चार महिन्यांत विकलं. "३० च्या पुढे हौस नाही" हे वाक्य मीही अगदी असंच्या असं म्हणालो होतो. शर्मन घ्या, डोळे मिटून. मोठं चाक खड्ड्यावरून असं जातं की खड्डा होता हे मागे वळून बघितल्यावर कळतं.

चक्रमकाकू

सुसाटराव, चाकाबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं. पण धागाकर्त्याचं नाव वाचलंत का? तिसरामजला. ३५ किलो रोज वर कोण नेणार, तुम्ही?

मी ५२ वर्षांची, ५८ किलोची बाई. २०१८ पासून एका चाकावर आहे. आत्तापर्यंत तीन व्हील झाली आणि तिन्ही वेळा घेताना चुकीचा प्रश्न विचारला : "किती वेगाने जातं?" तिसरं सुदैवाने तरीही बरं निघालं. आता मला कोणी विचारलं की मी आधी बॅग भरायला लावते.

एक जुनी ट्रॉली बॅग घ्या. घरातली पुस्तकं, पाण्याचे कॅन, काय वाटेल ते भरून वजनकाट्यावर २७ किलो करा. ती एका हाताने उचलून तिसऱ्या मजल्यावर न्या. एकाच हाताने, कारण दुसऱ्या हातात हेल्मेट असणार. व्हीलला ट्रॉलीचा दांडा असतो, सपाट जमिनीवर ते कुत्र्यासारखं मागे मागे येतं, पण जिन्यात त्या दांड्याचा काही उपयोग नाही. तिथे उचलायचंच, आणि दर पायरीला ते पोटरीवर आपटतं. मग ३५ किलोची बॅग करून बघा. नंतर पुढचं बोलू.

बरं, पुढचं आत्ताच बोलते, पुन्हा यायला वेळ मिळेल न मिळेल.

बॅटरीचा हिशेब कंपनीच्या किलोमीटरवर करू नका. तो आकडा हलक्या माणसाचा, सपाट रस्त्याचा आणि संथ वेगाचा असतो. ९५ किलो घेऊन पंचवीस-तीसने जायचं आणि वर चढ, तर किलोमीटरला २०-२२ वॉट-अवर धरा. जाऊन येऊन १८ किलोमीटर म्हणजे साधारण ४०० वॉट-अवर. आता व्ही८एफचे ५१८ घ्या. संध्याकाळी घराजवळ येईपर्यंत चौथा हिस्सा शिल्लक, आणि नेमका तेव्हाच तुमचा दीड किलोमीटरचा चढ सुरू. म्हणजे बॅटरी सगळ्यात कमी आणि मागणी सगळ्यात जास्त, दोन्ही एकाच ठिकाणी.

यात काय बिघडतं ते सांगते, कारण माझं ते बिघडून झालंय.

२०२१ सालची गोष्ट. माझं दुसरं व्हील, १६ इंची, ८४ व्होल्टचं. बॅटरी १८ टक्के. समोरून वारा, लांबलचक हलका चढ, घर दोन किलोमीटरवर. बीप वाजायला लागले. मी काय करावं? लवकर पोचू म्हणून आणखी पुढे झुकले. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं पेडल खाली गेलं. मनगटांना स्केटिंगचे गार्ड होते म्हणून हात वाचले. कॉलरबोन गेलं. सहा आठवडे वेणीसुद्धा दुसऱ्याकडून घालून घेतली.

यात व्हीलचा दोष फार थोडा होता. या यंत्राला वेगळा ब्रेक नाही, वेगळा अ‍ॅक्सिलरेटर नाही. तुम्ही पुढे झुकलात की मोटर चाक तुमच्या पुढे पळवते आणि तुम्हाला सावरते, मागे झुकलात की तीच मोटर थांबवते. डावं-उजवं मात्र तुमचं तुम्ही सांभाळायचं, सायकलसारखं. म्हणजे तुम्ही उभे असता ते मोटरच्या शिल्लक ताकदीवर. ८४ व्होल्ट म्हणजे २० सेल एकापुढे एक, भरलेले असताना प्रत्येकी ४.२. बॅटरी उतरत आली की तोच सेल ३.३ च्या आसपास येतो, २० सेलचे ६६. चढावर जोर लावला की तेवढ्यापुरता आणखी खाली. मोटर जास्तीत जास्त किती जोरात फिरू शकेल हे व्होल्टेजवर ठरतं, त्यामुळे ती मर्यादा दिवसभर खाली खाली येत असते. स्कूटरची बॅटरी दमली तर स्कूटर हळू होते. व्हीलची दमली आणि तुम्ही झुकतच राहिलात, तर ते तुम्हाला नाकावर टाकतं.

म्हणून व्हीलच्या वेगाचा आकडा मी उलटा वाचते. व्ही८एफचा ३५. तुम्हाला जायचंय ३० ने. मधे उरले पाच, आणि ते पाच संध्याकाळच्या चढावर खर्च होतात. व्ही११ चा ५० च्या आसपास. तिथे ३० ने गेलात तर भरपूर शिल्लक राहते. मोठं व्हील घ्यायचं ते जोरात जायला नाही, हळू जाताना उभं राहता यावं म्हणून. सुसाटराव, इथे आपलं जमतंय.

बीप वाजले, किंवा पेडलचं पुढचं टोक आपोआप वर यायला लागलं (त्याला टिल्टबॅक म्हणतात), की वाद न घालता मागे सरकायचं. हे पार्किंगमध्येच अंगात मुरवा. अ‍ॅपमध्ये वेगाची मर्यादा २० ला ठेवून मुद्दाम तिथपर्यंत जा आणि टिल्टबॅक पायाखाली कसा लागतो ते ओळखून ठेवा.

आता सकाळचा उतार. व्हील उतरताना बॅटरी चार्ज करतं. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? मग ते कुरकुर करतं, बीप देतं, वेग कमी करायला लावतं. घर टेकाडावर असणाऱ्याने रोज ९० टक्क्यांवर चार्जर काढावा. अधूनमधून पूर्ण भरावी लागते, सेल एकसारखे राहावेत म्हणून, पण ते सुट्टीच्या आदल्या रात्री करा.

पायांचं नंतर लिहिते. फोन वाजतोय.

कुरकुरता_गुडघा

धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटला. वजन ९२, उजवा गुडघा, मेनिस्कसचं (गुडघ्यातल्या गादीचं) ऑपरेशन झालेलं.

सस्पेन्शन नसलेल्या व्हीलवर दीड वर्ष काढलं, आता सस्पेन्शनवर दोन वर्षं. फरक खड्ड्यात कळतो असं सगळे सांगतात. मला तो जास्त कळला बारीक थरथरीत. खड्डा आला की आपण गुडघे वाकवून तयारच असतो. पण पेव्हर ब्लॉकवर एक किलोमीटर ती टरटर सुरू असते तेव्हा मांड्या ताठ राहतात आणि गुडघा ते सगळं पितो. तुमचा शेवटचा किलोमीटर म्हणजे हेच.

पण सस्पेन्शन घेतलं म्हणजे काम झालं असं समजू नका. व्ही११ चं सस्पेन्शन हवेवर चालतं. त्याला शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा वेगळा, जास्त दाबाचा पंप लागतो, टायरचा पंप चालत नाही. हवा आपल्या वजनाप्रमाणे भरायची. माझ्या व्हीलच्या आधीच्या मालकाचं वजन ६५ होतं, त्याने भरलेल्या हवेवर मी आठवडाभर चाललो आणि सस्पेन्शन बेकार म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो. झालं असं होतं की मी उभा राहिलो की ते जवळजवळ तळाला टेकायचं. त्यात पेडलही खाली यायचं, आणि एका वळणावर पेडल जमिनीला घासून ठिणग्या. हवा वाढवली, गप्प झालं.

टायरचीही तीच गत. रुंद टायर, साधारण ३ इंची, मऊ लागतो पण वळायला अंगाने सांगावं लागतं. अडीच इंचाचा नुसत्या मानेने वळतो, पण पेव्हरच्या फटीत तोंड घालतो. ओल्या पेव्हरवर दोन्ही घसरतात. माझा तिथला वेग पंधरा.

आणि काकू म्हणतात त्यात एक भर. ब्रेक लावताना आपण खुर्चीत बसल्यासारखे मागे बसतो. सगळा भार गुडघ्यावर येतो. पिंडरीच्या मागे-पुढे लावायचे पॅड मिळतात, त्यावर रेलून ब्रेक लावता येतो, गुडघा सुटतो. पण नव्या माणसाने लगेच लावू नयेत. पडताना पाय चटकन सुटला पाहिजे, पॅड तो धरून ठेवतात. मी दोनशे-अडीचशे किलोमीटरनंतर लावले.

तिसरामजला

काकू, बॅगेचा प्रयोग केला. निकाल असा.

३५ किलो : पहिल्या मजल्यावर ठेवली, तिथेच बसलो. शेजारच्या आजींनी विचारलं, कुठे निघालात? सुसाटभाऊ, माफ करा, शर्मन बाद.

२७ किलो : दुसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात, पुढे एकदा हात बदलून. जमलं, पण रोज नाही जमणार. गुडघ्याने वर जाताना काही म्हटलं नाही, उतरताना म्हटलं.

१५ किलो : शिट्टी वाजवत.

म्हणजे ज्या व्हीलवर मला उभं राहता येईल ते उचलवत नाही आणि जे उचलवतं त्यावर चढ चढवत नाही. आता? ऑफिसात चार्जिंगचं विचारलं, लिथियम बॅटरीला परवानगी नाही. खाली तळमजल्यावर सायकली ठेवायची कुलपाची खोली आहे, पण तिथे प्लग नाही.

नवशिकी

मध्येच घुसते. माझेही पाय बधिर व्हायचे, मला वाटलं माझं रक्ताभिसरण गेलं! काकू, लिहा ना त्याबद्दल.

चक्रमकाकू

आले. आधी जिना.

अहो, खोलीला कुलूप आहे आणि प्लग नाही, मग अडलंय कुठे? व्ही११ ची बॅटरी १४२० च्या घरात आहे. रोजचे ४०० गेले तर दोन दिवसांत ८००. ९० टक्क्यांवर चार्जर काढलात तर सुरुवातीला साधारण १२८०, उरले पावणेपाचशेच्या आसपास, म्हणजे दुसऱ्या संध्याकाळी चढाला लागताना एक तृतीयांशाहून जास्त. तिसरा दिवस मात्र ओढू नका, तो मी कॉलरबोनवर लिहून ठेवलाय. म्हणजे एक दिवसाआड वर न्यायचं, आठवड्यात तीनदा. मधल्या रात्री खाली, कुलपात. मोठ्या बॅटरीचा हा फायदा कोणी सांगत नाही : लांब जाण्यापेक्षा कमी वेळा उचलणं.

तरी २७ जड वाटत असेल तर चौथं नाव घ्या, किंगसाँग १६एक्स. १६ इंची, ३ इंच रुंद टायर, १५५४ वॉट-अवर, वजन २४ च्या आसपास. तीन किलो वाचतात. पण सस्पेन्शन नाही. तुमचा गुडघा एकच, तो जिन्यात वाचवायचा की पेव्हरवर, ते तुम्ही ठरवा. माझा कल सस्पेन्शनकडे, कारण जिना आठवड्यात तीनदा आणि पेव्हर रोज दोनदा.

आता पाय. दोष व्हीलचा कमी, तुमचा जास्त, आणि तो आपोआप जातो. नवा माणूस बुटाच्या आत बोटांचा आकडा करून पेडल पकडतो. करून बघा : आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या बोटं आत वळवा आणि मिनिटभर धरा. झालं ना कळ यायला सुरू? तेच तुम्ही चार किलोमीटर करताय. चालवताना मुद्दाम बोटं उचलून हलवा. जिथे हलवता येत नाहीत तिथे तुम्ही घाबरलेले आहात असं समजा. माझ्या बाबतीत ते उजवं वळण होतं, तुमचंही तेच असेल.

बूट सपाट आणि कडक तळव्याचे घाला. पळायचे मऊ बूट पेडलच्या कडेवर वाकतात आणि कडा तळव्यात घुसते. पाच फूट अकराला पाय मोठा असणार, व्ही८एफचं पेडल तुम्हाला आखूडही पडत असेल. तळपायाचा मधला भाग पेडलच्या मध्यावर येऊ द्या, टाच थोडी मागे लोंबली तर लोंबू दे. बहुतेक लोक पाय फार पुढे ठेवतात, मग ब्रेक लावताना टाचेला जोर मिळत नाही.

अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी बघा. एक, पेडलचा कोन. पुढचं टोक एखादा अंश वर केलं तर काहींना बोटांवरचा भार गेल्यासारखा वाटतो. दुसरी, पेडलचा कडकपणा. मऊ ठेवलं तर झुकल्यावर पेडल थोडं खाली जाऊ देतं, बोटीत उभं राहिल्यासारखं. कडक ठेवलं तर तख्तासारखं सपाट राहतं. नव्या माणसाला मऊ गोड वाटतं. मी तेवढ्यासाठी वर्षभर मऊवर राहिले. कडक केल्यावर दोन दिवस पाय दुखले आणि तिसऱ्या दिवशी कळलं की ब्रेक इतक्या कमी अंतरात लागू शकतो. तुमच्या उतारासाठी कडकच्या जवळ ठेवा.

आणि घेण्याआधी एकदा तरी व्ही११ वर उभे राहा. चालवू नका वाटलं तर, भिंतीला धरून नुसते उभे राहा. व्हीलचं पोट किती रुंद आहे, दोन पायांत किती अंतर पडतं, पोटरीला कुठे लागतं, हे कुठल्याच व्हिडिओत कळत नाही. रुंद पोटाच्या व्हीलवर माझ्या आखूड पायांचा फेंगडा आकार होतो, उंच माणसाला तेच आरामाचं वाटतं.

रस्त्यावर, फुटपाथवर की सायकलमार्गावर, तुमच्याकडे नियम काय आहे तेही आधी वाचून घ्या. काही देशांत सार्वजनिक रस्त्यावर चालतच नाही.

सुसाट

काकू, मान्य. पण दोन वर्षांनी तो शर्मनवर असेल, पैज लावतो.

चक्रमकाकू

तोवर त्याने घर तळमजल्यावर घेतलेलं असेल तर मी हरले.

तिसरामजला

तीन आठवड्यांनी लिहितोय. एकांनी त्यांचं व्ही११ तासभर दिलं. त्यांचं वजन ७०, म्हणून आधी शॉकमध्ये हवा वाढवली (गुडघेबुवा, तुमच्यामुळे सुचलं, नाहीतर मीही बेकार म्हणून आलो असतो). पहिली दहा मिनिटं मित्राच्या व्हीलपुढे म्हैस वाटली. झुकलो की क्षणभर विचार करते, मग निघते. वळायला खांदा, कंबर सगळं लावावं लागलं. पण मुद्दाम उखडलेल्या पेव्हरवर नेलं आणि तिथे गुडघ्याला बाकी जाणवलंच नाही काही. पुढच्याच आठवड्यात माझं आलं.

वेगाची मर्यादा सध्या २५. सोमवार, बुधवार, शुक्रवार वर नेतो, दुसऱ्या मजल्यावर हात बदलतो. चार्ज केलं की दुसऱ्या सकाळी ८८ ते ९०, उतारावर एकदाही ओरडलं नाही. मुंग्या आता आठव्या किलोमीटरला येतात, कडक तळव्याचे बूट घेतल्यापासून.

काकू, बोटं हलवायची युक्ती रोज करतो. पेव्हर सुरू होतो तिथे आणि ऑफिसच्या फाटकाशी उजवीकडे वळताना, या दोनच ठिकाणी हलत नाहीत.